किल्ली कुणाची?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, कारण चिडलोय. (चिडल्याशिवाय हल्ली माझ्याच्याने लिहिणं होत नाही, हे जुन्या वाचकांना माहीत आहेच.)

आधी नातेवाईक मंडळींसाठी एक खुलासा. मी इकडे ओहायोत 'ट्रक' चालवतो म्हणजे दहा चाकांचा, मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला ट्रक नव्हे. सांगलीच्या मावशीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती आईला म्हणाली होती, "एवढं इंजिनियर करून शेवटी ड्रायव्हरच झाला का गं?" मावशी, हा पिकअप. पुढे बसायला केबिन, मागे उघडा हौदा. बागेची माती, लाकडं, जुना सोफा, शेजाऱ्याचा फ्रीज, सगळं त्यातून जातं. २००५ सालचा आहे, तिसऱ्या हाताने घेतलेला, आणि एक लाख ऐंशी हजार मैल झालेत. इंजिन अजून ठणठणीत. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. खाली जे लिहिणार आहे ते एकाच कंपनीचं गाऱ्हाणं नाही, म्हणून.

तर यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. मंगळवार, पहाटे साडेपाच, बाहेर उणे अकरा. ट्रकपाशी गेलो तर आतून टक-टक-टक-टक. दारांची लॉकं आपली आपणच उघडत-मिटत होती. मी किल्ली लावण्याआधीच वायपर कोरड्या काचेवरून एकदा खरवडून गेले. मग आतला दिवा लागला, विझला, लागला. आमच्या कोकणातल्या घरी असं झालं असतं तर आजीने नारळ ओवाळून टाकला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी ठार.

बाबांना फोन केला. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. गाडी बिघडली की मी अजून त्यांनाच फोन करतो, मग ती गाडी आठ हजार मैलांवर असली तरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अर्थिंग बघितलंस का?"

नव्हतं बघितलं.

"मग आधी ते बघ. उगाच पार्ट बदलत बसू नकोस."

हा सल्ला मी तुम्हालाही देतो. जुन्या गाडीत भुताटकी झाली की निम्म्या वेळा दोष बॅटरीत नाहीतर गंजलेल्या अर्थिंगच्या वायरीत असतो. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीचा सगळा खालचा भाग खाऊन टाकतं. एक अर्थिंग खरंच हिरवं पडलेलं निघालं. घासलं, घट्ट केलं. थोडा फरक पडला. बॅटरी मात्र रात्रीतून तशीच बसत राहिली.

मग ॲमीटर लावला. गाडी बंद करून, दारं मिटून अर्धा-पाऊण तास सोडली की आतले सगळे कॉम्प्युटर झोपायला हवेत आणि बॅटरीतून जाणारा करंट पन्नास मिलिॲम्पियरच्या आत यायला हवा. माझा सहाशेवर अडकलेला. गणित सोपं आहे. ०.६ ॲम्पियर गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला चौदा ॲम्पियर-अवरच्या वर. सत्तरची बॅटरी, तीही थंडीने अर्धमेली झालेली. किती दिवस टिकणार? एकेक फ्यूज काढून बघत गेलो, आणि एक फ्यूज काढल्याबरोबर काटा धाडकन खाली आला. तो फ्यूज बॉडी कंट्रोल मॉड्यूलचा.

हे मॉड्यूल म्हणजे काय? पूर्वी गाडीत प्रत्येक दिव्याला आपलं बटण आणि आपली वायर असायची. बटण दाबलं, दिवा लागला. आता बटण फक्त निरोप देतं. तो निरोप डॅशबोर्डखालच्या एका डबीत जातो आणि ती डबी ठरवते की दिवा लावायचा, दार लॉक करायचं, वायपर फिरवायचे, की बेल्ट लावला नाही म्हणून टिंग-टिंग करायचं. यामुळे तांब्याची पुष्कळ वायर वाचते, वजन वाचतं, आणि एकाच वायरीच्या जोडीवरून पन्नास निरोप जाऊ शकतात. कल्पना चांगली आहे. माझं तिच्याशी भांडण नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर वेगळा असतो, ही डबी म्हणजे घरातला कारभारी. आणि घराच्या किल्ल्या कारभाऱ्याकडे असतात, तशीच चोरीपासून संरक्षणाची व्यवस्थाही माझ्या गाडीत याच डबीकडे आहे. हे पुढे लक्षात ठेवा.

डबी काढली. तीन बोल्ट, चार कनेक्टर, वीस मिनिटं. (आधी बॅटरीची वायर काढायची. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही.) एका कनेक्टरच्या पिनांवर हिरवी-पांढरी बुरशी. पुढच्या काचेचं रबर वर्षानुवर्षं झिरपत होतं आणि पाणी वायरींवरून ओघळत थेट डबीत येत होतं. म्हणजे भुताटकीचा उलगडा झाला. पिना एकमेकींना चिकटल्यासारख्या झाल्या की कारभाऱ्याला कुणीतरी बटण दाबल्याचे भास होणारच.

नवी डबी शोधली. कंपनीने ती बनवणं कधीच बंद केलंय. इकडे मोडक्या गाड्यांची मैदानं असतात, पुण्याच्या जुन्या बाजाराचा अवाढव्य भाऊ म्हणा. आपला पाना आपण न्यायचा, हवा तो पार्ट काढून आणायचा. तिथे त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या एका ट्रकातून त्याच पार्ट नंबरची डबी मिळाली. चाळीस डॉलर. घरी येऊन बसवली. लॉकं गप्प, वायपर गप्प. ॲमीटर तीस मिलिॲम्पियर. मी स्वतःवर खूश.

किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि दोन सेकंदांत बंद पडलं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. डॅशबोर्डवर कुलपाचा दिवा.

इंजिनाच्या कॉम्प्युटरचं आणि जुन्या डबीचं एक गुपित ठरलेलं होतं, परवलीचा शब्द म्हणा. नव्या डबीला तो माहीत नाही. म्हणून इंजिन समजलं की चोर आलाय. काही जुन्या गाड्यांत यावर साधा उपाय असतो. किल्ली चालू स्थितीत ठेवायची, तो दिवा विझेपर्यंत साधारण दहा मिनिटं थांबायचं, बंद करायचं, असं तीनदा. अर्ध्या तासात दोघांची नव्याने ओळख होते. मी उणे तापमानात ब्लँकेट घेऊन अर्धा तास बसलो. माझ्या गाडीत ओळख झाली नाही. तिला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं.

गेलो टो करून अधिकृत सर्व्हिस सेंटरला. काउंटरवरचा माणूस अतिशय सभ्य. म्हणाला, वापरलेलं मॉड्यूल आम्ही प्रोग्रॅम करत नाही. का? पॉलिसी. मग नवं द्या. नवं येत नाही. मग कुणीतरी दुरुस्त केलेलं बाहेरून मागवतो, पण ते आमच्यामार्फतच घ्यावं लागेल. एकूण अंदाज अकराशे साठ डॉलर. आणि मग अगदी मायेने म्हणाला, "एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च करता? बदलून टाका ना."

इथे माझं डोकं फिरलं.

इंजिन ठणठणीत. गिअरबॉक्स ठणठणीत. ब्रेक मी मागच्याच वर्षी नवे टाकलेले. बिघडलेला भाग मी स्वतः शोधला, स्वतः बदलला, आणि तो काम करतोय. आता अडलंय ते फक्त एवढ्यावर, की माझ्याच गाडीतल्या दोन डब्यांनी एकमेकींशी बोलावं की नाही याची परवानगी माझ्याकडे नाही. एक टन पोलाद मोडीत काढायला निघालेत एका परवलीच्या शब्दासाठी!

त्याच बाकड्यावर एक बाई बसल्या होत्या. हिवाळ्यात बर्फ उपसायचा आणि उन्हाळ्यात लोकांची गवतं कापायची असा त्यांचा धंदा. त्यांच्या ट्रकचीही हीच रड. नऊ दिवस गाडी उभी, आणि त्या नऊ दिवसांत दोनदा बर्फ पडलेलं. माझं एक वेळ ठीक, मी बायकोच्या गाडीने कामाला गेलो. त्यांचं पोट त्या गाडीवर. त्या चिडलेल्याही नव्हत्या, नुसत्या थकलेल्या होत्या. त्यांच्याकडे बघून ही पोस्ट लिहायचं ठरलं.

आता दुसरी बाजू. कारण कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच: "अरे, पण ते कुलूप चोरांसाठी आहे ना? कुणीही भंगारातली डबी लावून गाडी चालू करू शकला तर?"

मुद्दा खरा आहे, आणि मी तो झटकणार नाही. ह्युंदाई आणि किया या कंपन्यांनी अमेरिकेत विकलेल्या २०११ ते २०२१ दरम्यानच्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांत असं इलेक्ट्रॉनिक कुलूप नव्हतंच. २०२१-२२ मध्ये त्या गाड्या चोरायची युक्ती पोरांच्या व्हिडिओंतून पसरली आणि शहरांमागून शहरांत त्या गाड्यांच्या चोऱ्यांचा सुळसुळाट झाला. शेवटी कंपन्यांना फुकट सॉफ्टवेअर आणि स्टिअरिंगला लावायचे लोखंडी दांडे वाटावे लागले. तेव्हा कुलूप हवंच. कुलपाशिवाय काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय.

पण कुलूप असणं वेगळं आणि त्याची किल्ली विकणाऱ्यानेच खिशात ठेवणं वेगळं. तुम्ही फ्लॅट घेता. बिल्डर किल्ल्या देतो. दहा वर्षांनी लॅच बिघडला तर तुम्ही कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावता. त्या वेळी बिल्डर येऊन म्हणाला, "लॅच मीच बदलणार, माझ्याच दराने, आणि हा लॅच आता बनत नाही, तेव्हा फ्लॅट विका", तर सोसायटीची मीटिंग कशी होईल? मी चोर नाही हे सिद्ध करायला माझ्याकडे गाडीची कागदपत्रं आहेत, माझं लायसन्स आहे. ते बघा आणि कुलूप मला माझ्या हाताने जुळवू द्या. एवढंच मागणं आहे.

दुसरा आक्षेप प्रामाणिकपणाचा. डबी बदलली की मैलांचा आकडा बदलेल, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला लोक फसवतील. याचं उत्तर अमेरिकन कायद्यातच आहे आणि ते मला फार आवडतं. मीटर दुरुस्त करताना जुना आकडा राखता आला नाही, तर मीटर शून्यावर आणायचा आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर चिठ्ठी चिकटवायची: दुरुस्तीआधी इतके मैल होते, अमुक तारखेला बदललं. बस्स. या कायद्याने दुरुस्ती बंद केली नाही. माणसाला खरं बोलायला लावलं आणि काम करू दिलं. हे मीटरच्या बाबतीत जमतं तर बाकीच्या डब्यांच्या बाबतीत का जमू नये?

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. घरी काम केलं तर अपघात होतील. गंमत बघा, ब्रेक मी घरी बदलतो, त्याला कुणाची हरकत नाही. ब्रेकचे पॅड कुणीही दुकानातून आणून बसवू शकतो. ज्याने माणूस मरू शकतो ते मोकळं, आणि ज्याने आतला दिवा लागतो त्याला पहारा! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ साली दुरुस्तीवरच्या बंधनांबद्दल संसदेला अहवाल दिला, त्यातही उत्पादकांनी दिलेल्या कारणांना फारसा पुरावा सापडला नाही असंच म्हटलंय.

"पण मग कायदा नाही का?" आहे की. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली कायदा केला: २००२ नंतरच्या मॉडेलांची जी माहिती आणि साधनं अधिकृत सर्व्हिस सेंटरला मिळतात, ती मालकांना आणि स्वतंत्र गॅरेजांनाही वाजवी दराने विका. २०१४ मध्ये उत्पादकांनी हेच देशभर करू असा करार केला. २०२० मध्ये त्याच राज्यात गाडीतून वायरलेस जाणाऱ्या माहितीसाठी पुन्हा मतदान झालं, सुमारे ७५ टक्के लोकांनी हो म्हटलं, आणि उत्पादक लगेच कोर्टात गेले. आणि कॉपीराइटचा कायदा तर ऐकाच. स्वतःच्या गाडीतलं सॉफ्टवेअरचं कुलूप दुरुस्तीसाठी चुकवायला २०१५ साली खास सूट द्यावी लागली. ती सूट कायमची नाही, दर तीन वर्षांनी नव्याने मागावी लागते. स्वतःची गाडी उघडायला तीन वर्षांचा पास!

म्हणजे कागदावर मला हक्क आहे. प्रत्यक्षात काय होतं? सॉफ्टवेअर थोड्या दिवसांच्या भाड्याने मिळतं, मान्य. पण ते वापरलेल्या डबीला हात लावत नाही, कारण तिच्यात आधीच्या गाडीचा नंबर कोरलेला आहे. नवी डबी बनत नाही. म्हणजे दुकान उघडं आहे, मालकही गल्ल्यावर बसलाय, फक्त फडताळं रिकामी आहेत.

माझं काम शेवटी कसं झालं ते सांगतो. गावाबाहेर एक लहानसं गॅरेज आहे, एकच माणूस चालवतो. त्याने माझी जुनी आणि भंगारातली, दोन्ही डब्या उघडल्या. गंज कनेक्टरवर होता, आतली आठ पायांची मेमरी चिप धडधाकट होती. परवलीचा शब्द, गाडीचा नंबर, सगळं तिच्यात. त्याने ती जुन्या डबीतून काढली आणि दुसरीत सोल्डर केली. चाळीस मिनिटं, एकशे वीस डॉलर. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली आणि सुरूच राहिली.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मेंदू काढून दुसऱ्या डोक्यात बसवला." मग जरा थांबून, "एवढं कशाला करायला लागलं रे?"

तोच तर प्रश्न आहे. हा माणूस चोर नाही, त्याने कुलूप फोडलं नाही. माझीच वस्तू एका डब्यातून दुसऱ्यात हलवली. तरी हे करायला शंभरात एखाद्याला येणारी कारागिरी लागली. बाकीच्या नव्याण्णव जणांची गाडी भंगारात गेली असती, आणि हिशेबात लिहिलं गेलं असतं, "वयोमानानुसार."

इथे काही मंडळी खूश होऊन म्हणतील, "बघ, शेवटी जुगाडच उपयोगी आला. आपल्याकडे हे असलं काही नसतं." माफ करा, पण मला जुगाडाचं कौतुक नाही. जुगाड करावा लागतो तेव्हा कुणीतरी सरळ रस्ता अडवलेला असतो. आणि आपल्याकडे नसतं हेही आता खरं नाही. दादाने मागच्या दिवाळीत घेतलेल्या गाडीतही अशीच डबी आहे, अशीच इलेक्ट्रॉनिक किल्ली आहे. ती हरवली तर दुसरी किती हजारांना आणि कुठून मिळते ते एकदा विचारून ये, दादा. भारत सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल काढलं, त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं यांच्या जोडीला वाहनंही आहेत. चांगली सुरुवात आहे. पण पोर्टलवर माहितीपुस्तिका टाकली म्हणजे हक्क मिळाला असं समजू नका, हे माझ्या चाळीस डॉलरच्या डबीवरून सांगतोय.

माझ्या मागण्या तीनच. एक, मालकीची कागदपत्रं दाखवली की वापरलेला पार्ट माझ्या गाडीशी जुळवून मिळालाच पाहिजे, मग तो कुठूनही आणलेला असो. दोन, कंपनीने पार्ट बनवणं बंद केलं की त्याच दिवशी त्याचं कुलूप उघडायची पद्धत खुली करावी. पार्टही देणार नाही आणि सोडणारही नाही, हे चालायचं नाही. तीन, गाडी विकतानाच सांगा की हिच्यातले कोणते भाग तुमच्या परवानगीशिवाय बदलता येणार नाहीत. मग मी ठरवेन तुमची गाडी घ्यायची का.

असो. ट्रक दारात उभा आहे. पुढच्या काचेचं रबर बदललं, नाहीतर दोन वर्षांनी पुन्हा हेच. त्या बाकड्यावरच्या बाईंना गॅरेजवाल्याचा पत्ता दिला होता. मागच्या आठवड्यात पेट्रोल पंपावर त्यांचा ट्रक दिसला, मागे गवत कापायचं मशीन बांधलेलं. हात केला, त्यांनीही केला.

आता ब्लॉगवाल्या मंडळींना खो. तुमच्या घरातली एक अशी वस्तू सांगा, जिचे पैसे तुम्ही पुरते दिलेत आणि जी उघडायची परवानगी अजून दुसऱ्याकडे आहे. आणि मावशी, ड्रायव्हर झालो ते झालो, आता थोडा वायरमनही झालोय. आईला सांग.